भाड्याच्या घराचं गॅरेज, नागपूरचा मे महिना आणि इतवारीतला लोखंडी कूलर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच परत जातील. घर भाड्याचं असेल, गॅरेजमधे दिवसा बसून काम करायचं असेल आणि गाव नागपूर असेल तर एसीच्या नादी लागू नका. शटरवरचं ऊन बाहेरूनच अडवा, साधा लोखंडी डेझर्ट कूलर आणा, तो खोलीच्या बाहेर ठेवा आणि समोरच्या बाजूने हवा निघून जायला जागा द्या. बस एवढंच. बाकी जे काही बाजारात आणि ऑनलाइन विकून राह्यले त्यातलं बरंचसं मी स्वतः वापरून पाह्यलं, काही आमच्या घरातल्या उत्साही माणसाने मागवलं, आणि त्यातलं किती कामाचं निघालं ते आता सांगते.

आमचं घर मानेवाड्याकडच्या एका लेआउटमधे आहे, वर घरमालक काका-काकू, खाली आम्ही, आणि बाजूला एकमजली गॅरेज. साधारण १० बाय १८, वर सरळ स्लॅब, त्याच्यावर खोली नाही, आणि शटर पश्चिमेला. म्हणजे खोली तापायला जे जे लागतं ते सगळं एकाच ठिकाणी. गाडी आम्ही बाहेर कडुनिंबाखाली लावतो आणि गॅरेजमधे माझं शिलाईचं काम चालतं. दोन मशीन, एक इंटरलॉक, कटिंगचं टेबल, इस्त्री आणि मदतीला येणाऱ्या एक ताई. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमधे असते, म्हणजे ज्या महिन्यांत माणसाने दुपारी अंधार करून झोपायला पायजे त्याच महिन्यांत ब्लाऊजचा ढीग असतो. त्यामुळे गॅरेज थंड करणं हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही, धंद्याचा आहे.

नागपूरच्या उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं, पण बाहेरगावचे लोक पण वाचतात म्हणून. मेमधे ४४-४५ हे आमचं नेहमीचं, २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे सगळ्यात जास्त तापणारे नऊ दिवस, लागला की त्याच्या वर. २०२४ च्या मे अखेरीस तर ५६ डिग्रीची बातमी देशभर फिरली, मग हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. पण मजा अशी की ५६ ऐकून आमच्या लेआउटमधे कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही, सगळे म्हणाले असेल बाप्पा, कालपासून वाटूनच राह्यलं होतं. मात्र या उन्हात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि ती म्हणजे हवा कोरडी. मुंबईच्या लोकांना कूलर म्हटलं की हसू येतं कारण तिकडे तो चालतच नाही, चिकचिक वाढवतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेत दमटपणा १५-२० टक्क्यांवर येतो, आणि अशा हवेत पाणी उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. ४४ डिग्री आणि १५ टक्के दमटपणा असेल तर चांगल्या भिजलेल्या ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवतात त्या पॅडमधून, येणारी हवा २७-२८ पर्यंत उतरू शकते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेच्या जरा खाली एवढी उष्णता लागते आणि ती फुकटात हवेतून जाते, आपण फक्त पंखा आणि पंप फिरवायचे पैसे देतो. म्हणून म्हणते, विदर्भात राहून कूलरला कमी लेखू नये.

आता एकेक वस्तू.

सगळ्यात आधी ती मिनी एसी म्हणून विकतात ती डबी. टेबलावर ठेवायची, यूएसबीवर चालणारी, वर पाणी टाकायचं, निळा लाइट लागतो. नवऱ्याने मागवली, जाहिरातीत खोलीभर बर्फाची हवा दाखवली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, तशा पन्नास नावांनी तीच डबी मिळते. नाकापासून एक वीत अंतरावर ठेवली तर गालाला गार लागतं हे खरं आहे. पण १८० चौरस फुटांच्या गॅरेजला त्या कपभर पाण्याने काय होणार. तिला एसी म्हणणं म्हणजे निव्वळ लबाडी आहे. सध्या मुलगी तिच्यात बाहुल्यांना झोपवते. पाचपैकी शून्य देता येत नसेल तर अर्धा.

दुसरी वस्तू पोर्टेबल एसी, म्हणजे चाकांवरचा, मागून जाड पाईप निघतो तो. हा आम्ही विकत नाही घेतला, एका महिन्यासाठी भाड्याने आणला. भाडेकरूला तो आवडतो कारण भिंत फोडावी लागत नाही. थंड करतो का, तर करतो, मशीन समोर असेल तर छानच. पण एका पाईपवाल्या एसीत एक मुळातला घोळ आहे, तो खोलीतलीच हवा घेऊन पाईपने बाहेर फेकतो, मग तेवढी हवा कुठून तरी आत यायला पायजे ना, ती शटरच्या फटींतून ४४ डिग्रीची येते. घरातल्या बंद बेडरूममधे हे कमी जाणवेल, पण गॅरेजच्या शटरला खाली, वर, दोन्ही बाजूंना फटीच फटी. म्हणजे एका हाताने थंड करायचं आणि दुसऱ्या हाताने लू आत ओढायची. वरून तासाला एक-सव्वा युनिट. आमचा मीटर काकांच्या मीटरवरून काढलेला सब-मीटर आहे, ते युनिटला सरसकट एकच दर लावतात, त्यामुळे शंभर युनिटच्या आतल्या स्वस्त दराचा फायदा आपल्याला नाही. महिन्याचं बिल पाहून मी तो परत पाठवला. ज्यांचं काम फक्त दुपारी दोन तासांचं आहे आणि ज्यांच्या गॅरेजला शटरऐवजी नीट दार आहे त्यांनी विचार करावा, बाकीच्यांनी नाही.

स्प्लिट एसीचा प्रश्नच नव्हता. काकांनी घर देतानाच सांगितलं होतं, "बेटा, काही पण लाव पण भिंतीला भोक पाडाचं नाही." त्यांचं पण बरोबर आहे, आधीच्या भाडेकरूने तीन भोकं पाडून ठेवली होती, त्यातून अजून पावसाचं पाणी येतं.

आता ज्याने खरा फरक पडला तिकडे येते. पहिला फरक कूलरने नाही पडला, शेडनेटने पडला. हिरवी जाळी, नर्सरीवाले लावतात ती, ९० टक्के ऊन अडवणारी घ्या, ५० वाली घेऊ नका. पश्चिमेचं शटर दुपारी दोननंतर असं तापतं की हात टेकवला तर चटका बसतो, आणि मग ते लोखंड संध्याकाळपर्यंत आतल्या बाजूला उष्णता फेकत राहतं, आपण कितीही पंखे लावा. लोक काय करतात की आतून पडदा लावतात, थर्माकोल लावतात, चंदेरी फॉइलवाला बबल शीट लावतात. आतून लावून थोडा फायदा होतो पण ऊन तर लोखंडात शिरलेलंच असतं, ते बाहेरच अडवलं तर शटर तापतच नाही. आणि रोलिंग शटरला आतून काही चिकटवलं तर ते गुंडाळताना वर अडकतं, हे शटर दुरुस्तीवाल्याने आमच्या शेजाऱ्यांना पैसे घेऊन समजावून सांगितलं. थर्माकोल तर शिलाईच्या खोलीत नकोच, इस्त्री, कापडाच्या चिंध्या आणि थर्माकोल एकत्र म्हणजे आगीला निमंत्रण.

जाळी लावताना शटरला चिकटवून लावायची नाही, हातभर पुढे ताणायची, म्हणजे मधून हवा फिरते. आम्ही वरून पोर्चच्या लोखंडी पाईपला आणि खालून गेटच्या खांबांना नायलॉनच्या दोरीने बांधली, एक खिळा नाही ठोकला. काकू वरून पाहून म्हणाल्या, "अगं घराला मांडव घातल्यासारखं दिसून राह्यलं," पण नंतर त्यांनी पण बाल्कनीला तीच लावली. मेमधे वादळ येतं त्याची एक काळजी घ्या, खालच्या दोऱ्या सरकफाशाच्या बांधा, सोडता आल्या पायजेत, नाही तं जाळी फाटते किंवा पाईपच वाकतो. मीटरने मिळते, कॉटन मार्केटकडे बियाणं-शेतीच्या सामानाच्या दुकानांत विचारा. आमच्या पूर्ण शटरला आणि थोडं वर पोर्चला मिळून हजार रुपयांच्या आत काम झालं. पैशाच्या मानाने यापेक्षा जास्त गारवा देणारी वस्तू मला अजून मिळाली नाही. पाचपैकी पाच.

त्यानंतर स्लॅबला चुना. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कोणी करत नाही, कारण घर भाड्याचं असलं की वाटतं मालकाच्या छताला आपण काऊन रंगवायचं. तर यासाठी रंगवायचं की स्लॅब दिवसभर उष्णता पिऊन घेतो आणि रात्री अकरापर्यंत खाली सोडत राहतो, एकमजली गॅरेजमधे तर डोक्यावर तवाच. पांढरा चुना भिजवून, त्यात फेव्हिकॉल घालून, झाडूने दोन हात मारायचे, एका सकाळचं काम आहे, सामान पाच-सहाशेचं. उन्हात मारू नका, पहाटे मारा, नाही तं लावता लावता सुकतो आणि मग पापुद्रे निघतात. चुन्याचं पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका आणि हातात मोजे घाला, त्वचा जळते. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून काकांचा पण आक्षेप नव्हता. बाजारात उष्णता परावर्तित करणारे पेंट मिळतात, ते चांगले आहेत, काही वर्षं टिकतात, पण ते मालकाने लावायचे, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने नाही. एक त्रास म्हणजे आपल्याकडची धूळ, वावटळीत पांढऱ्याचं मातकट होतं आणि मग असर कमी होतो, महिन्यातून एकदा झाडून घ्यावं लागतं.

आता मुख्य पाहुणा. होळी झाली की नागपुरात माळ्यावरचे कूलर उतरतात आणि रस्त्याच्या कडेला ताट्यावाले बसतात. कंपनीचे प्लास्टिकचे कूलर पण आम्ही पाहून आलो, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन-तीन शोरूम फिरलो. दिसायला सुंदर, चाकं, रिमोट, आवाज कमी. घरात हॉलमधे ठेवायला मी तेच घेईन. पण गॅरेजसाठी मला बाहेर उन्हा-धुळीत ठेवता येईल असा, कोणत्याही मेकॅनिकला उघडता येईल असा, आणि हवा जोरात फेकणारा पायजे होता. म्हणून इतवारीत गेलो, जिथे लोखंडी कूलर बनवून विकतात त्या गल्लीत.

दुकान छोटं, बाहेर फूटपाथवर एकावर एक कूलरच्या बॉड्या, आत वेल्डिंगचा वास, आणि गल्ल्यावर बसलेले एक वयस्कर भाऊ. मला त्यांचं हे आवडलं की किंमत सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, खोली केवढी आहे आन् खिडकी कोणत्या बाजूला आहे?" मी सांगितलं पूर्वेला जाळीची खिडकी, पश्चिमेला शटर. ते म्हणाले मग कूलर खिडकीबाहेर सावलीत ठेवा आणि शटर फूटभर वर ठेवा, बाकी काही करू नका. शोरूममधल्या एकानेही खिडकीचं विचारलं नव्हतं, सगळे टाकी किती लिटरची ते सांगत होते.

आणि कूलरचं सगळं गणित तिथेच आहे. आपल्याकडे लोक कूलर खोलीच्या आत ठेवतात, दारं-खिडक्या बंद करतात एसीसारख्या, आणि मग अर्ध्या तासाने म्हणतात चिकचिक होऊन राह्यली, कूलर खराब आहे. अरे बाबा, तो तीच ओली हवा परत परत ताटीतून फिरवतो, मग पाणी उडणार कसं. बाहेरची कोरडी हवा आत घ्यायची आणि आतली बाहेर जाऊ द्यायची. हवा निघायची जागा पण मोजून ठेवावी, दर हजार सीएफएममागे साधारण दोन चौरस फूट असा हिशोब आहे, सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. खोलीला किती लागतं ते काढायला लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि निम्मं करा. माझं १० बाय १८ बाय १० म्हणजे १८००, त्याचे निम्मे ९००, म्हणजे लहान कूलर पण पुरला असता. पण भाऊ म्हणाले तापलेल्या स्लॅबखाली आणि पश्चिमेच्या शटरला हिशोबापेक्षा मोठाच घ्या, आणि लेबलवरच्या सीएफएमवर फार विश्वास ठेवू नका. १८ इंची पंख्याचा घेतला. शटर फूटभर वर असलं की निघणारी हवा शटरजवळची गर्मी पण घेऊन जाते, हा वरचा फायदा.

बॉडी घेताना पत्र्याची जाडी हाताने दाबून पाहा, जी आय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आहे ना ते विचारा, टाकीचा तळ वाकून पाहा कारण गंज तिथूनच लागतो. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची पायजे असं स्पष्ट सांगा, अॅल्युमिनियमची स्वस्त असते, गरम लवकर होते. आम्हाला मोटर, पंप, ताट्या आणि स्टँड धरून सगळं आठ हजारांच्या आसपास पडलं. स्टँडचे पैसे मला जास्त वाटले, त्यावर घासाघीस केली पण भाऊ हलले नाहीत. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत हे अजून एक, मागून घ्या, मोटरची वॉरंटी त्याच्यावरच लिहून देतात. घरी पोचवायला छोटा हत्ती वेगळा. कंडेन्सर एकदा गेला तर फोनवर विचारून आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत बदलला, हाच लोखंडी कूलरचा फायदा, कोणत्याही चौकात पार्ट मिळतो.

ताट्यांबद्दल बाजारात तीन मतं आहेत. वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तुसांच्या, साध्या ताट्या स्वस्त, तीनचा सेट तीनशेच्या आसपास, थंड मस्त करतात, पण एका सीझनमधे बसतात, खाली सरकतात आणि वर पोकळी होते, तिथून गरम हवा सरळ आत. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा वास काय वर्णावा, पहिले काही दिवस ग्राहक बायका शटरमधून आत आल्या की थांबूनच जायच्या. पण महाग, आणि वास हळूहळू जातो. हनीकॉम्ब म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड, ते दोन-तीन वर्षं जातात, पण आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने त्यांच्या भोकांत पांढरे क्षार साचतात आणि मग हवाच जात नाही. ज्यांच्याकडे नळाचं पाणी आहे त्यांनी हनीकॉम्ब घ्यावेत, बोअरवाल्यांनी वुडवूल घेऊन दरवर्षी बदलावी. आमच्याकडे बोअर आहे. मी समोर खसाची एक आणि बाजूंना वुडवूलच्या दोन अशी मिसळ करते, वासाची हौस पण भागते.

पाण्याचा खर्च मात्र कोणी आधी सांगत नाही. भर दुपारी हा कूलर तासाला २० लिटरच्या आसपास पाणी उडवतो, म्हणजे टाकी तीन-चार तासांत तळाला. दिवसभर चालवला तर दीड-दोनशे लिटर. टँकरवर राहणाऱ्या लेआउटमधे हा विचार आधी करा आणि मालकाशी बोलून घ्या, नाही तं मे महिन्यात पाण्यावरून भांडण ठरलेलं. कपडे खंगाळलेलं शेवटचं पाणी टाकू का असं आमच्या ताईंनी विचारलं होतं, टाकू नका, साबणाने फेस येतो आणि वास सुटतो. डाळ-तांदूळ धुतलेलं तर अजिबात नाही.

आणि बर्फ. दरवर्षी कोणी ना कोणी कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकायला सांगतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता तेवढंच पाणी वाफ होताना घेतं. म्हणजे कूलर जे काम आधीच फुकट करून राह्यला त्यात लादीने फार थोडी भर पडते. तो बर्फ उसाच्या रसात घाला.

आता जरा गंभीर विषय, कारण याच्यावर मी कोणाशीच तडजोड करत नाही. लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, बहुतेक वेळा पाणी भरताना. गॅरेजला बहुतेक घरांत एक बल्बचा पॉइंट असतो, तिथून लोक एक्स्टेंशन ओढतात आणि अर्थिंग कुठेच नसतं. आम्ही कूलर लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं, खरंच नव्हतं, मग काकांशी बोललो, अर्धा खर्च त्यांनी दिला. सोबत ३० मिलिअॅम्पियरची आरसीसीबी बसवली, करंट गळायला लागला की क्षणात तोडते. ती दीड-दोन हजारांची आहे पण कूलरच्या किमतीतच धरा. तीन पिनचीच वायर, बोर्ड पाण्यापासून दूर आणि उंचावर, आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, पिन काढायची. ताईंना पण हेच सांगून ठेवलं आहे, चप्पल घातल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही.

डासांचं पण ऐका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची आणि कडा ब्रशने घासायच्या, कारण अंडी पाण्यात नाही, कडेला चिकटलेली असतात. महापालिकेचे लोक कूलर तपासायला येतात तेव्हा गडबडीने पाणी ओतण्यात अर्थ नाही.

शिलाईवाल्यांसाठी काही खास गोष्टी, ज्या कूलर विकणारा सांगणार नाही. कूलरचा झोत कटिंग टेबलावर आला तर पेपर पॅटर्न उडतात, खडूच्या खुणा पुसतात, आणि शिफॉन तर हातातच राहत नाही. झोत टेबलाच्या वरून, भिंतीच्या कडेने जाऊ द्या. मशीन कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, ओल्या हवेने सुया आणि बॉबिन केसला गंज धरतो, तेलाचा हात रोज फिरवा. पैठणी किंवा जरीचं काम आलं असेल तर ते घरातच कपाटात ठेवते, गॅरेजमधे फक्त शिवायच्या वेळी आणते. आणि इस्त्री. हजार वॅटची इस्त्री चालू असताना एकटी दहा माणसांएवढी गर्मी सोडते. ती मी शटरजवळ, जिथून हवा बाहेर जाते तिथे नेली आणि इस्त्रीचं सगळं काम सकाळी नऊच्या आत उरकते. यात एक रुपया लागत नाही. जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले, तेही त्याच हिशोबात.

पंख्याचं विचारतात म्हणून, छताचा पंखा तापलेल्या स्लॅबखाली एकटा लावला तर वरची गरम हवा खाली ढकलतो, कूलर असेल तर कमी स्पीडवर चालू द्या म्हणजे गारवा पसरतो. एक्झॉस्ट फॅन चांगला, पण त्याला भोक लागतं, आणि भोकाचं काकांचं मत वर दिलंच आहे.

कूलरचा आवाज आहे, लपवत नाही. फोनवर माप घेताना बंद करावा लागतो, नाही तं छत्तीस आणि अडतीसचा घोळ होतो. दाराची पत्र्याची झडप खडखडते, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला की थांबते. विजेचं म्हणाल तर मोटर आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास, दिवसभर आठ तास चालवून दीड-पावणेदोन युनिट, पोर्टेबल एसीचं दीड तासाचं खाणं. पाचपैकी साडेचार, अर्धा आवाजाचा आणि स्टँडच्या किमतीचा कापला.

मर्यादा पण स्पष्ट आहे. जूनच्या मध्यात पाऊस आला की कूलर संपला. ३३ डिग्री आणि ७५ टक्के दमटपणात ताटी कितीही भिजवा, हवा दोन-तीन डिग्रीच्या वर उतरत नाही आणि कापड मात्र ओलसर होतं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा म्हणून चालवते, शेडनेट काढून ठेवते आणि शटर अर्धं उघडं. जुलैची चिकचिक एसीशिवाय जात नाही, ती आम्ही सहन करतो, कारण तेव्हा लग्नं नसतात आणि काम पण निम्मं असतं. ऑक्टोबरच्या उन्हात परत थोडे दिवस कूलर कामाला येतो.

ठेवून द्यायच्या आधी ताट्या फेकायच्या, टाकी पुसून कोरडी करायची, क्षारांवर लिंबूसत्व घालून घासायचं, मोटरला प्लास्टिक बांधायचं. घर बदलताना हा कूलर, जाळी आणि आरसीसीबी सगळं सोबत येतं, फक्त चुना काकांकडे राहतो.

घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत जा, तेव्हा भाऊंकडे बोलायला वेळ असतो आणि बॉडी आपल्या मापाची बनवून देतात, आमच्या शेजाऱ्यांनी तशी घेतली तर स्टँड फुकट मिळाला. एप्रिलनंतर त्या गल्लीत गाडी लावायलाही जागा नसते आणि भाव सांगतील तो. ताट्या मात्र मार्चमधे घ्या, नवतपा लागला की वुडवूलचा भाव रोज सकाळी वेगळा असतो.